दोन नावं, एक मशीन

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं खातं म्हणजे एकटी ती. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं तेवढंच. बाकी मोठ्या डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तिला कॉम्प्युटरताई म्हणत. प्रिंटर अडला, बोलवा ताईला. पासवर्ड विसरला, बोलवा ताईला. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी ताईच, कारण ‘त्यालाही सेल लागतो ना’. तिला हे आवडायचं. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही असं वाटायला लागलं की माणूस जरा सैलावतो. ताईही सैलावली होती, आणि नेमकी कधीपासून, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलने इंटरनेटवर स्वतःचं नाव घेतलं. त्या नावाची वेबसाइट, त्याच नावाचे मेल. पण नुसतं नाव घेऊन भागत नाही, त्या नावाचा पत्ता सांगणारं कुणीतरी लागतं. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरने ‘हे हॉस्पिटल राहतं कुठे?’ असं विचारलं की ‘अमुक ठिकाणी’ असं उत्तर देणारं मशीन, म्हणजे नेमसर्व्हर. आणि हे नेमसर्व्हर दोन असावे लागतात. वेगळ्या इमारतीत, वेगळ्या लाइनवर, म्हणजे एक पडला तरी दुसरा सांगेल. पहिल्याकडे पत्त्यांची मूळ यादी असते, दुसऱ्याकडे तिची नक्कल, आणि पहिल्यावर काही बदललं की दुसरा आपण होऊन नवी यादी उतरवून घेतो.

नोंदणीच्या फॉर्मवर म्हणूनच दोन रकाने होते. पहिलं मशीन तळमजल्यावर, ताईच्या खोलीत बसलं होतं. दुसरं पुलापलीकडच्या जुन्या दवाखान्यात ठेवायचं ठरलं होतं, पण ते यायला महिना होता आणि मोठ्या डॉक्टरांना वेबसाइट सोमवारी हवी होती. ताईने वेळ मारून नेली. पहिल्याच मशीनला दोन पत्ते दिले, दोन नावं दिली आणि दोन्ही रकाने भरून टाकले. फॉर्मने ते मुकाट घेतलं. तात्पुरतं आहे, असं ती स्वतःशी म्हणाली.

महिन्याने दुसरं मशीन आलं. ताई ते घेऊन पुलापलीकडे गेली, फळीवर मांडलं, वीज दिली, लाइन जोडली आणि यादी उतरवायला लावली. यादी उतरेना. पहिल्या मशीनला ‘याला यादी देत जा’ अशी परवानगी द्यायची राहिली होती, हे तिच्या लक्षात आलं ते परतीच्या बसमध्ये. उद्या करू, म्हणाली. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा. मशीनवर तिने आपल्या हाताने ‘नेमसर्व्हर २’ अशी पट्टी चिकटवली होती, ती तशीच राहिली. वार्षिक अहवालात ती दर वर्षी एक चित्र देई: इकडे एक चौकोन, तिकडे एक चौकोन, मध्ये पूल. नव्याने लागलेल्यांना माहिती देताना म्हणे, “एकावर विसंबायचं नाही, म्हणून आपल्याकडे दोन आहेत.” पहिल्या वर्षी हे बोलताना तिचे कान तापायचे. तिसऱ्या वर्षापासून तापेनासे झाले.

मग एका सोमवारी वायरमनकाकांनी तळमजल्याचा मुख्य फ्यूज बदलला. काका अठ्ठावीस वर्षं त्या इमारतीच्या तारा सांभाळत होते, निवृत्तीला चार महिने उरले होते. माणूस इतका शिस्तीचा, की दिवा बदलायचा तरी आधी दारात उभं राहून विचारणार. ताईला त्यांनी शनिवारीच सांगून ठेवलं होतं. “बॅटरी आहे, खुशाल करा,” ती म्हणाली होती. अकरा वाजता वीज गेली, दहा मिनिटांनी आली आणि येताना असा काही हिसका देऊन आली, की ताईच्या खोलीत जळका वास सुटला. मशीनचा वीज घेणारा डबा जळला होता.

तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा काय यावं? पेशंट नाही, मेल नाही. अहवालातलं ते चित्र आलं.

बाहेरच्या जगाला एखाद्या नावाचा पत्ता काही तास आठवणीत राहतो, मग ते पुन्हा विचारायला येतं. हॉस्पिटलच्या नावापुरते ते चार तास होते; ताईनेच तसं ठरवून दिलं होतं. म्हणजे तीनपर्यंत मुदत. केसपेपर, तपासणी, ऑपरेशनची यादी, सगळं आतल्या मशीनवर चालत होतं, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. मेलचं मशीन तर दुसऱ्याच गावी भाड्याच्या जागेत होतं आणि ठणठणीत होतं. फक्त त्याचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

तिच्याबरोबर कोर्स केलेला एक जण दुसऱ्या गावात मोठमोठे सर्व्हर सांभाळत असे. यादीची प्रत ताईकडे होती. त्याला एक फोन केला असता तर त्याने आपल्या मशीनवर ती चढवून दिली असती, आणि नोंदणीतला पत्ता बदलून संध्याकाळच्या आत नाव पुन्हा बोलायला लागलं असतं. तिने फोन हातात घेतलाही. पण तो पहिला प्रश्न विचारणार होता, ‘अगं, मग तुझा दुसरा कुठे गेला?’ तिने फोन ठेवला आणि नवा डबा शोधायला बाजारात गेली. चार दुकानं फिरली. उद्या दुपारी मिळेल, असं कळलं. हॉस्पिटलात कुणी कुणी विचारलं की मेल का उघडत नाही, तर ती म्हणाली, “लाइनचा घोळ आहे.” आणि लाइनवाल्यांचा घोळ लोकांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की पुढे कुणी काही विचारलंच नाही.

मंगळवारी पाचच्या सुमारास मशीन सुरू झालं. सोमवार दुपारपासून बाहेर खोळंबलेले मेल धडाधड येऊन पडले. ताईने सुटकेचा श्वास टाकला आणि खुर्चीत मागे रेलली, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मेट्रनचा फोन आला. वर या, एवढंच त्या म्हणाल्या.

मेट्रनच्या पडद्यावर नेत्रपेढीचा मेल होता. सोमवारी दुपारी साडेचारला पाठवलेला. बुबुळ उपलब्ध आहे, मंगळवारी बारापर्यंत होकार कळवावा. नेत्रपेढी असा मेल चार-पाच हॉस्पिटलांना एकदम पाठवी. ज्याच्याकडे पेशंट तयार, त्याने कळवायचं. इथे पेशंट तयार होती. शिवणकाम करणारी एक बाई, सगळे तिला टेलरबाई म्हणत. तिच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ जखमेने पांढरं पडलं होतं, डावा मुळातच अधू. नऊ महिने ती नंबराला थांबली होती. दर पंधरा दिवसांनी थोरल्या बहिणीचा हात धरून यायची आणि मेट्रनना विचारून जायची.

“मी फोन केला आत्ता त्यांना,” मेट्रन म्हणाल्या. “दुपारीच दुसरीकडे लावलं त्यांनी. सात महिन्यांतून एकदा आलं होतं, ताई.”

जिन्यावरून उतरताना ताईने कठडा धरला होता.

बुधवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. ते आवाज चढवणारे नव्हते. बोलणं मोजकं आणि थंड. मशीन जळल्याचं एव्हाना त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी विचारलं, आपल्याकडे दोन नेमसर्व्हर असताना नाव बंद पडलंच कसं? ताई शब्द जुळवत होती, खरे की खोटे ते तिचं तिलाही कळलं नव्हतं, तेवढ्यात वायरमनकाकाच उभे राहिले. म्हणाले, वीज सोडताना हिसका बसला हे खरं आहे. ताईंचं मशीन त्यानेच जळलं. दोन्हीकडच्या तारा कुठेतरी जोडलेल्या असतील, मला त्यातलं कळत नाही, पण हात माझा होता.

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ‘नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण आला, तिच्यासमोर थांबला आणि निघून गेला. डॉक्टरांनी काकांना लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि सगळे उठले.

तासाभराने काका तिच्याच खोलीत आले. हातात वहीचं फाडलेलं पान. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणाले, जरा नीट छापून द्याल का? ताईने पान घेतलं. ‘माझ्या हातुन झालेल्या चुकी मुळे एका रुग्णाची संधि गेली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ ती टाइप करत गेली. ‘हातुन’चं ‘हातून’ केलं, ‘चुकी मुळे’ जोडून लिहिलं, ‘संधि’ दीर्घ केली. छापलेला कागद काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. छान झालंय, म्हणाले, आणि सही करताना मशीन दुरुस्त झालं ना, तेही विचारलं.

त्या संध्याकाळी तिच्याने जेववेना. नवऱ्याला तिने खोलीचं दार लोटून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काका चार महिन्यांत घरी बसणार. त्यांचं काय वाकडं होणार आहे? तू बोललीस तर तुझं होईल. अळीमिळी गुपचिळी.” हे ऐकून तिला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, याने ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. बाहेर सासूबाई नातीला सांगत होत्या, की माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्या वायरमनने स्वतःची खुर्ची आणून दिली होती हो, फार देवमाणूस. चोराच्या मनात चांदणं. ताईला वाटलं, त्या आपल्याला ऐकवायलाच बोलताहेत.

गुरुवारी दुपारी ती पुलापलीकडे निघाली. मनात कबुली वगैरे काही नव्हती. आता तरी ते दुसरं मशीन गुपचूप चालू करून टाकायचं, म्हणजे पुढेमागे कुणी तपासायला आलंच तर चौकोन खरा निघेल, एवढाच हिशोब. जुन्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस तपासणी चाले. बाकी तिथे राखणीला एक म्हातारेसे गृहस्थ असत, त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मशीनकडे ते तिला जवळजवळ मिरवतच घेऊन गेले.

फळी जागेवर नव्हती. भिंतीला ओल येते म्हणून मामांनी ती दोन वर्षांपूर्वी सरकवून घेतली होती. मशीनवर धुळीचा कण नव्हता. मागे एकदा दवाखान्याची वीज दोन दिवस गेली, तेव्हा शेजारच्या औषधाच्या दुकानातून वायर ओढून त्यांनी ते चालू ठेवलं होतं, हेही त्यांनी आता सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यात काय सांगायचं?

“आणि सोमवारी तुमच्याकडचं पडलं असं कळलं ना,” मामा म्हणाले, “तेव्हापासून मी दर तासाला येऊन बघत होतो. म्हटलं, आता सगळा भार याच्या एकट्यावर. पण दिवा एकदाही विझला नाही हो, ताई.”

ताई तिथल्या स्टुलावर बसली.

“मामा, हे मशीन काहीच करत नाही.”

“बिघडलं?”

“नाही. ते कधीच काही करत नव्हतं. चालू करायचं माझ्याकडून राहिलं, आणि मी सगळ्यांना सांगितलं की केलंय.”

मामांना ते समजायला थोडा वेळ लागला. “सहा वर्षं?” त्यांनी विचारलं.

“सहा वर्षं.”

मामांच्या हातात फडकं होतं. त्यांनी त्याची घडी घातली, खिशात ठेवलं आणि टाकीचा पंप बंद करायचाय, असं म्हणून ते बाहेर गेले. पंप चालू नव्हता. असता तर आवाज आला असता.

ती कामाला बसली. तिथूनच, लाइनवरून, पहिल्या मशीनवर परवानगीची एक ओळ घातली. दुसऱ्याने विचारलं, पहिल्याने दिलं, यादी उतरली. एक पत्ता मुद्दाम बदलून पाहिला, यादी नवी आहे हे दुसऱ्याला कळावं म्हणून तिचा अनुक्रमांक एकाने वाढवला. मिनिटभरात बदल इकडे आला. मग नोंदणीच्या फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात खरा पत्ता भरला. शेवटी कोर्सच्या जोडीदाराला फोन लावला आणि जे घडलं ते आडपडदा न ठेवता सांगून बाहेरून तपासायची विनंती केली. तो हसला नाही. त्याने तपासलं, बरोबर आहे म्हणाला, आणि तिसरी नक्कल आपल्याकडे ठेवू का, असंही विचारलं. घड्याळात पाहिलं तर सगळं मिळून चाळीस मिनिटं झाली होती. एखादं अवघड काम तिने टाळलं असतं तर तेवढा तरी आधार राहिला असता. हे चाळीस मिनिटांचं होतं.

जिथे काम झालं होतं तिथेच ते मिटवता आलं असतं. पण मामांना सांगून झालं होतं, आणि एकदा तोंडातून गेलेलं वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला तेवढं जड नसतं. बस पकडून ती थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सांगितलं. फॉर्मचे दोन रकाने, बसमध्ये आठवलेली परवानगी, न केलेला फोन, आणि काकांचा कागद आपणच टाइप केला, इथपर्यंत.

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले. “ते चित्र मी बाहेर तीन ठिकाणी दाखवलंय,” ते अखेर म्हणाले. “माझ्या सहीखाली.” मग त्यांनी फाइलमधून काकांचा खुलासा काढला आणि तिच्या हातात दिला. “हा ज्याचा त्याला परत करा. मी नाही करणार. आणि त्या पेशंटला उद्या मी बोलावतो. तुम्हीही या.”

वायरमनकाका गच्चीवर टाकीजवळ काम करत होते. तिने कागद पुढे केला आणि सांगितलं. ते हातातला पाना खाली न ठेवता ऐकत होते.

“हे टाइप करत होतात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“माझं शुद्धलेखनही सुधारलंत.”

ताईने मान खाली घातली. काकांनी पुढे सांगितलं, की घरी बायकोला त्यांनी सगळं बोलून दाखवलं होतं. अठ्ठावीस वर्षांत डाग नव्हता, जाता जाता लागला. तिने समजूत काढली, आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडली. “आता घरी जाऊन तिला काय सांगू, ते सांगा,” काका म्हणाले. ते रागाने बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते खरंच विचारत होते. मग त्यांनीच सुचवलं. ज्या लोकांसमोर मी उभा राहिलो, त्यांच्यासमोर तुम्ही उभ्या राहा, आणि तोंडी नको, लिहून आणा.

शुक्रवारी सकाळी तिने कागद वाचून दाखवला. एका पानाचा होता. वाचताना तिचा आवाज दोनदा फाटला. कुणी पाणी पुढे केलं नाही. मेट्रन खिडकीबाहेर बघत होत्या.

दुपारी टेलरबाई आली, बहिणीबरोबर. डॉक्टरांनी सुरुवात केली, पण मध्येच थांबून ताईकडे पाहिलं, आणि मग तिने सांगितलं. नेमसर्व्हर वगैरे काही न आणता: तुमच्यासाठी निरोप आला होता, तो माझ्या कामचुकारपणामुळे इथवर पोचला नाही. बहीण भडकली. नऊ महिने आम्ही येतोय, तुमच्या पायऱ्या हिला पाठ झाल्यात, आणि तुम्ही म्हणता निरोप पोचला नाही? तिने बरंच काही ऐकवलं आणि ते सगळं रास्त होतं. टेलरबाई मात्र आवाजाच्या दिशेने तोंड करून शांत बसली होती. बहीण थांबल्यावर तिने एकच विचारलं.

“आता माझा नंबर मागे गेला, का आहे तिथेच आहे?”

“आहे तिथेच,” मेट्रन म्हणाल्या.

“मग ठीक,” ती म्हणाली, आणि उठताना टेबलाची कड चाचपू लागली. ताईने हात पुढे केला. बहिणीने तो बाजूला सारला आणि आपला दिला.

अकरा आठवड्यांनी पुन्हा बुबुळ मिळालं. तो मेल चार मिनिटांत उघडला गेला. ऑपरेशन बरं झालं. टेलरबाईला पहिल्यासारखं नाही, पण सुईत दोरा ओवण्याइतकं दिसू लागलं. मधल्या अकरा आठवड्यांत तिची दोन कायमची गिऱ्हाइकं तुटली होती. ती परत आली नाहीत.

ताईची नोकरी राहिली. डॉक्टरांनी तिला लेखी ताकीद दिली आणि नियम घालून दिला: वर्षातून दोनदा, दिवसाढवळ्या, पहिलं मशीन तासभर बंद ठेवायचं आणि नाव बोलतंय का ते बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं. पहिल्या वेळी तिने मशीन बंद केलं आणि फोन कानाला लावून बसली. उत्तर पुलापलीकडून आलं. फोनवर कोर्सचा जोडीदार म्हणाला, अगदी व्यवस्थित आहे. तिने आभार मानले, तास भरेपर्यंत खोलीत बसून राहिली. आनंद असा काही झाला नाही.

लोक अजून तिला ताईच म्हणतात, फक्त प्रिंटर अडला की हल्ली आधी स्वतः बटण दाबून बघतात. मामा मशीन पुसतात, पण ती तिथे गेली की त्याबद्दल काही बोलत नाहीत. चहा विचारतात, पेशंट किती आले ते सांगतात.

वायरमनकाकांच्या निरोपाच्या दिवशी ती मागच्या रांगेत बसली होती. भाषणं झाली. काका आपल्या बायकोला घेऊन एकेकाची ओळख करून देत फिरत होते. ताईपाशी आले तेव्हा त्यांनी क्षणभर शब्द शोधला. “या आमच्या कॉम्प्युटरताई,” ते म्हणाले. बायकोने तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. “माहीत आहे,” ती म्हणाली, आणि दोघं पुढच्या माणसाकडे वळली.